रेणुसूत्र : पाठांतर कीं व्याकरण?

शालेय शिक्षणांत कांहीं धडे उंबरठ्यासारखे असतात. तो ओलांडला तर पुढचें सारें घर मोकळें होतें. तेथें अडखळलें तर माणूस बाहेरच राहतो. विज्ञानाच्या अभ्यासांतला असा उंबरठा म्हणजे रेणुसूत्रें लिहिण्याचा धडा. चुंबक, भिंगें, बीं रुजणें, पानाफुलांचीं निरीक्षणें, हें सारें मुलांनीं आनंदानें केलेलें असतें. परंतु आठवी-नववीच्या वर्गांत फळ्यावर रोमन अक्षरें आणि त्यांच्या पायाशीं बारीक आंकडे दिसूं लागले, कीं तेरा-चौदा वर्षांच्या कित्येक मुलांच्या मनांत एक निश्चय मूळ धरतो : ‘विज्ञान हें आपलें काम नव्हे.’ इतक्या कोवळ्या वयांत झालेला हा निश्चय पुढें सहसा बदलत नाहीं. म्हणून ह्या लहानशा धड्याविषयीं आज चार गोष्टी आपल्यापुढें मांडावयाच्या आहेत.

मी रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. माझें शिक्षण, जुन्या बोलींत सांगावयाचें तर, मॅट्रिकपर्यंतचें. आणि नोकरीचीं सारीं वर्षें पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील शाळांत गेलीं. मध्यें भीमा, उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. शेतकऱ्यांचीं, साखर कारखान्यांतील कामगारांचीं आणि रेल्वेच्या नोकरांचीं मुलें शिकवितांना जें ध्यानांत आलें, तेवढेंच मी सांगणार आहे. रेडिओपाशीं फळा नसतो, ही माझी अडचण. तेव्हां आपण जवळ एक कागद व पेन्सिल घ्यावी. अक्षरें मी उच्चारून सांगेन, तीं आपण रोमन लिपींत उतरून घ्यावीं.

मुलांचा मुख्य गैरसमज असा कीं, सूत्रें हीं पाढ्यांप्रमाणें पाठ करावयाचीं असतात. वीस सूत्रें पाठ केलीं, परीक्षेंत एकविसावें आलें, आणि सारा डोलारा कोसळला, असें नेहमीं घडतें. वस्तुतः सूत्र हें वाक्यासारखें आहे. आपण मराठी बोलतों तेव्हां वाक्यें पाठ करून बोलत नाहीं. शब्द आणि व्याकरण ठाऊक असतें, त्यांवरून कधीं न ऐकलेलें वाक्यही रचतों. पंधरा-वीस मूलद्रव्यें आणि एक नियम एवढ्या भांडवलावर शंभर सूत्रें रचतां येतात. तो नियम समजावून देणें, एवढेंच शिक्षकाचें काम.

प्रथम अक्षरें पाहूं. प्रत्येक मूलद्रव्याला एक संज्ञा असते. हायड्रोजनची एच, ऑक्सिजनची ओ, कार्बनची सी, नायट्रोजनची एन. एकाच अक्षरावर अनेकांनीं हक्क सांगितला, कीं जोडीस दुसरें अक्षर द्यावें लागतें. म्हणून कॅल्शियमची सीए आणि क्लोरिनची सीएल. येथें मराठी मुलाची पहिली अडचण उभी राहते, आणि ती त्याच्या बुद्धीची नसून लिपीची आहे. देवनागरींत मोठें अक्षर व लहान अक्षर असा भेदच नाहीं. रोमन अक्षरांतला हा भेद त्याला केवळ शोभेचा वाटतो. रसायनांत मात्र तो अर्थाचा आहे. सी मोठें व ओ लहान लिहिलें, तर तो कोबाल्ट नांवाचा धातु झाला; दोन्ही अक्षरें मोठीं लिहिलीं, तर तो कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु झाला. कानाला दोन्ही सारखींच. म्हणून मुलास आरंभींच सांगावें कीं, प्रत्येक मूलद्रव्याचें पहिलें अक्षर मोठें, आणि दुसरें असल्यास तें लहान. मोठें अक्षर आलें कीं नवें मूलद्रव्य सुरू झालें.

दुसरी अडचण नांवांची. सोडियमची संज्ञा एनए, पोटॅशियमची के, लोखंडाची एफई, तांब्याची सीयू; कारण त्या नॅट्रियम, कॅलियम, फेरम, क्युप्रम ह्या लॅटिन नांवांवरून घेतल्या आहेत. आमच्याकडील शेतकऱ्याच्या मुलाला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घरांतच मिळालेले असतात, आणि खताच्या पोत्यावर त्याच क्रमानें एन, पी, के हीं अक्षरें त्यानें पाहिलेलीं असतात. तें रिकामें पोतें वर्गांत आणावें. तीन संज्ञा त्या मुलाला शाळेंत येण्यापूर्वींच ठाऊक होत्या, असें त्याला दिसूं द्यावें. मात्र हाच मुलगा ‘नॅट्रियम’ हा शब्द ऐकून एनए म्हणजे नत्र असें लिहून आणतो. त्यावर रागावूं नये. नॅट्रियम आणि नायट्रोजन ह्या दोन्ही नांवांचें मूळ एकाच प्राचीन खाराच्या नांवांत आहे, तेव्हां मुलाच्या कानानें नातें ओळखलें तें कांहीं अगदींच खोटें नव्हे. नत्र म्हणजे नायट्रोजन, त्याला एकटें एन. सोडियमला एन आणि लहान ए. एवढा भेद त्याच्याकडून पांच वेळां लिहवून घ्यावा.

अक्षरें झालीं, आतां त्यांची जुळणी. प्रत्येक मूलद्रव्याची दुसऱ्याशीं जोडलें जाण्याची एक ऐपत असते, तिला संयुजा म्हणतात. आमच्या मुलींना मी ती फुगडीवरून सांगत असें. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. कोणाचाही हात रिकामा राहतां कामा नये, एवढाच खेळाचा नियम. ऑक्सिजनचे दोन हात धरावयास दोन हायड्रोजन पाहिजेत. म्हणून पाणी एच टू ओ. नायट्रोजनला तीन हायड्रोजन. म्हणून अमोनिया एनएच थ्री. कार्बनला चार, म्हणून गोबरगॅसच्या शेगडींत जळणारा मिथेन सीएच फोर. आणि कार्बनचे चार हात दोन ऑक्सिजननीं दोन्ही हातांनीं धरले, तर आपण श्वासावाटे सोडतों तो सीओ टू. ह्यांतलें एकही सूत्र पाठ करावें लागत नाहीं.

मिठासारख्या पदार्थांत हाताला हात घालण्यापेक्षां देण्याघेण्याची उपमा अधिक खरी. सोडियमपाशीं एक इलेक्ट्रॉन देण्यासारखा असतो, आणि क्लोरिनला एकाचीच उणीव असते. एकानें दिला, दुसऱ्यानें घेतला, व्यवहार पुरा झाला. म्हणून मीठ एनए सीएल. कॅल्शियमपाशीं देण्यासारखे दोन असतात, पण क्लोरिन घेणार एकच. तेव्हां दुसरा क्लोरिन बोलवावा लागतो, आणि सूत्र होतें सीए सीएल टू. जेवढें दिलें तेवढेंच घेतलें गेलें पाहिजे. सूत्र म्हणजे मिटलेला हिशेब, असें म्हटलें कीं बाजाराच्या दिवशीं वडिलांबरोबर जाणाऱ्या मुलाला दुसरें कांहीं सांगावें लागत नाहीं.

ह्या हिशेबाची एक सोपी रीति घरींही करतां येईल. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापा. संयुजा एक असेल त्याची पट्टी एक बोट लांब, दोन असेल त्याची दोन बोटें, तीन असेल त्याची तीन. प्रत्येकीवर संज्ञा लिहा. आतां ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन ह्यांचें संयुग पाहिजे. ॲल्युमिनियमची पट्टी तीन बोटांची, खालीं ऑक्सिजनची दोन बोटांची. कडा जुळत नाहींत. वर आणखी एक ठेवा, सहा बोटें झालीं. खालीं तीन ऑक्सिजन ठेवा, तींही सहाच. कडा जुळल्या. ॲल्युमिनियम दोन, ऑक्सिजन तीन; सूत्र एएल टू ओ थ्री. मोठ्या माणसांच्या लगेच ध्यानांत येईल कीं, हा तर लसावि! तीन आणि दोन ह्यांचा लसावि सहा. जें गणित मूल प्राथमिक शाळेंत शिकलें, तेंच येथें वेष बदलून आलें आहे.

शाळांतून एक आंखूड वाट शिकवितात : दोन संज्ञा शेजारीं लिहावयाच्या, खालीं त्यांच्या संयुजा, आणि आंकडे तिरके करून एकमेकांच्या पायाशीं नेऊन ठेवावयाचे. ही युक्ति चुकीची नाहीं. परंतु पट्ट्या जुळविल्याशिवाय ती हातीं दिली, तर मूल नुसता यंत्रासारखा आंकडे फिरवीत राहतें. मग कॅल्शियम दोन, ऑक्सिजन दोन, म्हणून सीए टू ओ टू असें लिहून मोकळें होतें. ज्यानें पट्ट्या मांडल्या आहेत त्याला दिसतें कीं, दोन बोटांखालीं दोन बोटें आधींच जुळलीं आहेत. एकास एक पुरे. सूत्र नुसतें सीए ओ.

आतां थोडें पुढें जाऊं. कांहीं अणु एकत्र कुटुंबासारखे राहतात, आणि लग्नाला निघाले तरी सारें कुटुंबच निघतें. त्यांना मूलकें म्हणतात. हायड्रॉक्साइड, नायट्रेट व बायकार्बोनेट ह्यांची संयुजा एक, कार्बोनेट व सल्फेट ह्यांची दोन, फॉस्फेटची तीन, आणि अमोनियमची एक, मात्र हें देणाऱ्यांच्या पक्षांतलें. एका कुटुंबाहून अधिक लागलीं, कीं त्यांच्याभोंवतीं कंस घालून आंकडा बाहेर लिहावयाचा. खताचें अमोनियम सल्फेट घ्या. अमोनियम एक, सल्फेट दोन. तेव्हां अमोनियमचीं दोन कुटुंबें पाहिजेत. कंसांत एनएच फोर, बाहेर दोन, मग एसओ फोर. हा कंस विसरला तर चाराशेजारीं दोन येऊन बेचाळीस हायड्रोजन होतात! वर्गांत हंशा पिकतो खरा, पण कंस पुन्हां कोणी विसरत नाहीं.

एवढें व्याकरण हातीं आलें, कीं अंगणांतल्या वस्तु बोलूं लागतात. एका चुन्याचीच गोष्ट घ्या. भट्टींतून निघालेली चुनकळी म्हणजे सीए ओ. तिच्यावर पाणी ओतलें कीं ती फसफसून तापते आणि विरते; तो झाला कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे सीए, कंसांत ओएच, बाहेर दोन. दिवाळीपूर्वीं तोच भिंतीस दिला, कीं हवेंतील सीओ टू घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि होतो सीए सीओ थ्री, म्हणजे पुन्हां चुनखडी. भट्टींत जें गमावलें तेंच भिंतीवर परत मिळालें, हें तीन सूत्रें शेजारीं मांडल्यावर मुलाला स्वतःच दिसतें. हाच चुना साखर कारखान्यांत जातो. शिरूर तालुक्यांत न्हावरें आणि दौंड तालुक्यांत पाटस येथें सहकारी साखर कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत उंसाचा रस निवळण्यासाठीं चुना कालवून घालतात व गंधक जाळून मिळालेला वायु, म्हणजे एसओ टू, त्यांत सोडतात. चुना आणि हा वायु मिळून कॅल्शियम सल्फाइट, सीए एसओ थ्री, तयार होतें, आणि रसांतला मळ बरोबर घेऊन खालीं बसतें. साखर पांढरी होते त्यांत ह्या व्यवहाराचा मोठा वांटा आहे.

बंबाच्या पोटांत बसणारा पांढरा थर सर्व गृहिणींच्या परिचयाचा आहे. जड पाण्यांत कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलें असतें. पाणी तापलें कीं त्यांतून सीओ टू निघून जातो आणि न विरघळणारें सीए सीओ थ्री भांड्यास चिकटतें. दौंड हें मनमाडचा फांटा निघाल्यापासून, म्हणजे १८७८ पासून, जंक्शन आहे. वाफेचीं इंजिनें धांवत होतीं त्या काळीं बॉयलरच्या नळ्यांतून असलाच थर वारंवार खरवडून काढावा लागे. आजोबांनीं इंजिनांतून खरवडला तो थर आणि आईनें बंबांतून काढला तो थर एकच, त्याचें सूत्रही एकच, हें कळल्यावर रेल्वेच्या वसाहतींतलें मूल धडा विसरत नाहीं.

परंतु व्याकरणालाही मर्यादा असते, आणि तीही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. लोखंड कधीं दोन देतें, कधीं तीन. म्हणून त्याचीं ऑक्साइडें एफई ओ आणि एफई टू ओ थ्री अशीं वेगवेगळीं. जखम धुण्यास वापरतात तें हायड्रोजन पेरॉक्साइड एच टू ओ टू असेंच लिहावें लागतें. दोहोंनीं भागून त्याचा संक्षेप करतां येत नाहीं. उलट, ॲल्युमिनियम कार्बोनेटचें सूत्र नियमानें सुरेख लिहितां येतें, पण सामान्य परिस्थितींत तो पदार्थ बरणींत भरून ठेवतां येत नाहीं. नियमावरून सूत्र संभवनीय ठरतें; तें खरें ठरवावयाचें तें तराजूनें.

ह्या संबंधांत इतिहास मोठा दिलासा देणारा आहे. इंग्लंडांतील जॉन डाल्टन, जो स्वतः शाळामास्तर होता, त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अणूंसाठीं वर्तुळाकृति चिन्हें योजिलीं. पाण्यांत एक हायड्रोजन व एकच ऑक्सिजन असावा, असें त्यानें सोपेपणासाठीं गृहीत धरलें. म्हणजे त्याच्या मतें पाणी एचओ! आज आपण वापरतों त्या अक्षरांची पद्धति स्वीडनच्या बर्झेलियसनें १८१३-१४ मध्यें घालून दिली. डाल्टनला ती कधींच रुचली नाहीं. वायु मोजले असतां दोन मापें हायड्रोजनला एक माप ऑक्सिजन लागतो, ह्याचा उलगडा इटलीच्या ॲव्होगाड्रोनें १८११ सालींच केला होता. पण त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १८६० सालीं जर्मनींत कार्ल्सरूह येथें युरोपांतले रसायनज्ञ मुद्दाम ह्याच घोटाळ्यासाठीं जमले, आणि कॅनिझारोनें ॲव्होगाड्रोचें म्हणणें पुन्हां मांडलें. त्यानंतर हळूहळू एकवाक्यता झाली. घोटाळा केवढा होता म्हणाल, तर केक्युलेनें १८६१ च्या आपल्या ग्रंथांत, शिरक्यांतल्या एका ॲसेटिक आम्लाचीं त्या काळीं प्रचारांत असलेलीं एकोणीस सूत्रें नोंदविलीं आहेत. जें ठरवावयास थोरामोठ्यांना पन्नास वर्षें लागलीं, तें एका तासिकेंत आलें नाहीं म्हणून मुलानें स्वतःस मंद कां समजावें?

आमच्या भाषेंतही हा विषय आजचा नाहीं. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच रसायनशास्त्रावर मराठींत ग्रंथ लिहिले. संज्ञा साऱ्या जगाच्या एक असोत; त्यांचा अर्थ मुलाला त्याच्या बोलींत मिळाला पाहिजे. साखरेचें सूत्र सी ट्वेल्व्ह एच ट्वेंटीटू ओ इलेव्हन. हें पट्ट्यांनीं जुळवून सुचणार नाहीं, पाठच करावें लागेल. पण त्यांतले बावीस आणि अकरा पाहा. पाण्यांतलें दोनास एक हेंच प्रमाण! म्हणून अशा पदार्थांना आपण कर्बोदकें म्हणतों : कर्ब आणि उदक. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल पडलें तर तें पाण्याचा अंश ओढून घेतें व मागें काळा कोळसा उरतो. एका मराठी शब्दांत सारें सूत्र सांठवलेलें आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व परीक्षेपुरतें ठीक. नंतर त्याचा उपयोग काय? श्रोतेहो, आमच्या दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें रसायनांचे कारखाने आहेत, शिरूर तालुक्यांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत आहे. तेथें पिंपावरच्या चिठ्ठीशीं ज्याची गांठ पडते, तो बहुधा नववी-दहावी झालेला तरुणच असतो. परंतु कारखान्यापर्यंतही जावयास नको. पाण्याच्या सूत्रांत ऑक्सिजनच्या जागीं तितक्याच संयुजेचें गंधक आलें, तर तो एच टू एस, गटारांत व मळीच्या टांक्यांत सांचणारा प्राणघातक वायु. सीओ टू सोडावॉटरमध्यें असतो. त्यांतला एक ऑक्सिजन कमी झाला कीं उरणारा सीओ, बंद खोलींतल्या कोळशाच्या शेगडीपाशीं किंवा कोंदट न्हाणीघरांतल्या गॅसच्या गीझरपाशीं, वास न येतां माणसाचा जीव घेतो. एनए सीएल म्हणजे रोजचें मीठ. त्यास एक ओ जोडला कीं तें सोडियम हायपोक्लोराइट, जें २०२० च्या साथींत आपण घरोघर फवारलें. त्यांत संडास धुण्याचें ॲसिड, म्हणजे एच सीएल, मिसळलें तर क्लोरिन वायु सुटतो. दोन्ही बाटल्या आपल्या घरांत एकाच फळीवर असतात, आणि दोहोंवर नांवें लिहिलेलीं असतात, वाचणारा पाहिजे.

म्हणून आईबापांस माझी विनंति एवढीच कीं, मुलानें सूत्रें घोकावयास घेतलीं तर पुस्तक मिटावयास लावावें आणि विचारावें : हें असें कां? दोनच कां, तीन कां नाहींत? त्याला उत्तर देतां आलें नाहीं, तर त्याच्या शेजारीं बसून पट्ट्या कापाव्या. एका रविवारचा प्रश्न आहे. रसायनशास्त्रज्ञ सगळींच होणार नाहींत, व्हावींत असेंही नाहीं. परंतु केवळ कंस आणि पायाशीं बसलेले चार आंकडे ह्यांच्या भीतीनें एखाद्या हुशार मुलानें वा मुलीनें विज्ञानाकडे पाठ फिरवावी, हें आपल्यासारख्या सुशिक्षित घरांत तरी घडूं नये.